रडारला दिसते ते आणि रडारविषयी लिहिले जाते ते

रडार या विषयावर मराठीत लिहिले जात नाही, अशी तक्रार आता करता येणार नाही. हा शब्द इतका रुळला आहे, की एखाद्या ठेकेदाराची चौकशी सुरू झाली तरी तो 'रडारवर' येतो आणि वाळूची चोरटी वाहतूक करणारेही 'रडारवर' येतात. या प्रयोगात रडार म्हणजे रोखलेली बंदूक. ज्याच्यावर रोखली तो संपला, असा त्याचा भाव आहे. बातमीदारांच्या या भाषेविषयी आमची तक्रार नाही. पण खऱ्याखुऱ्या रडारविषयी जे लेख छापून येतात त्यांतही हाच समज पसरलेला असावा, हे मात्र खटकते.

हे खटकण्याचे निमित्त एक कात्रणवही. नाशिकमधील एका शाळेच्या विज्ञान मंडळातील अकरावीच्या मुलामुलींनी गेल्या काही वर्षांतील लष्करी रडारविषयीची मराठी कात्रणे जमवून चिकटवली आणि वही परीक्षणासाठी आमच्याकडे दिली. नाशिकच्या मुलांना या विषयाचे कुतूहल वाटावे यात नवल नाही. ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना आहे. १९६४ साली मिग-२१ बनवण्यासाठी तो उभा राहिला, म्हणून जुनी माणसे अजूनही 'मिगमध्ये नोकरीला' असेच म्हणतात. देवळालीला तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र आहे. सुखोईचा आवाज आणि तोफांचा गडगडाट ऐकतच ही मुले वाढली.

वही नेटकी आहे, मेहनत दिसते. आमचे म्हणणे मुलांविषयी नाही, कात्रणांविषयी आहे. साठएक कात्रणे आम्ही ओळीने वाचली. जवळजवळ प्रत्येकात एक संख्या ठळक अक्षरांत होती, ती म्हणजे किलोमीटर. अमुक रडार ३०० किलोमीटरवरचे पाहते, तमुक ६०० किलोमीटरवरचे. जणू मोटारसायकलच्या जाहिरातीतले मायलेज. पण त्या रडारला त्या अंतरावर नेमके काय दिसते, कोणत्या उंचीवरचे, किती खात्रीने, आणि दिसलेले काय आहे हे ठरवतो कोण, हे प्रश्न एखाददुसऱ्या कात्रणाचा अपवाद सोडता कोणी विचारलेले नाहीत. गेल्या तीस-चाळीस वर्षांत रडारमध्ये जी प्रगती झाली ती मुख्यतः याच प्रश्नांच्या उत्तरांत झाली आहे. म्हणजे लेखनाचे लक्ष एकीकडे आणि विषयाची वाटचाल दुसरीकडे.

किलोमीटरपासूनच सुरुवात करू. पाठ्यपुस्तकात रडारची व्याख्या असते: रेडिओ लहरी सोडायच्या, वस्तूवर आदळून परत आलेल्या लहरी पकडायच्या आणि लागलेल्या वेळावरून अंतर काढायचे. लहरी सेकंदाला ३ लाख किलोमीटर जातात, म्हणजे जाऊन येण्याचा हिशेब धरला तर दर मायक्रोसेकंदाला १५० मीटर. ३० किलोमीटरवरील विमानाचा प्रतिध्वनी २०० मायक्रोसेकंदांनी परत येतो. इथवर सर्व बरोबर. पुस्तक इथेच थांबते, आणि खरी अडचण इथूनच सुरू होते.

रडारमधून निघालेली ऊर्जा पसरत जाते, अंतर दुप्पट झाले की ती चौपट विरळ होते. विमानावरून परतलेली ऊर्जाही पुन्हा तशीच पसरते. त्यामुळे परत हाती येणारी ऊर्जा अंतराच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. बाकी काही न बदलता रडारचा पल्ला दुप्पट करायचा असेल तर शक्ती सोळापट लागते. अकरावीच्या वर्गात हे फळ्यावर दोन मिनिटांत मांडता येते.

हेच गणित उलट्या बाजूने लावले की 'अदृश्य विमान' या लाडक्या शब्दाचा निकाल लागतो. विमानाचा आकार आणि पृष्ठभाग असा घडवायचा की लहरी आल्या दिशेने परत जाऊच नयेत, ही कल्पना. समजा, एक चौरस मीटर परावर्तन क्षेत्र असलेल्या विमानाच्या जागी त्याच्या दहा हजारांश परावर्तन क्षेत्राचे विमान आले. दहा हजाराचे चौथे मूळ १०. म्हणजे जे रडार पूर्वी २०० किलोमीटरवर विमान पकडत होते ते आता २० किलोमीटरवर पकडेल. प्रतिपक्षाच्या दृष्टीने हा फरक प्रचंड आहे, कारण विचार करायला मिळणारा वेळच संपला. पण हे अदृश्य होणे नव्हे, उशिरा दिसणे आहे. २७ मार्च १९९९ रोजी बेलग्रेडजवळ अमेरिकेचे एफ-११७ हे असेच 'अदृश्य' विमान युगोस्लाव्हियाच्या हवाई संरक्षण दलाने पाडले. वापरलेले क्षेपणास्त्र जुने सोव्हिएत, आपल्याकडे पेचोरा म्हणून ओळखले जाते त्याच कुळातले. विमानाचा सुगावा देणारे रडार सुमारे २ मीटर तरंगलांबीचे होते. विमानाचे पैलू लहान तरंगलांबीच्या लहरींना चुकवण्यासाठी घडवलेले असतात. लहर जेव्हा शेपटीच्या पात्यांच्या आकाराएवढी लांब होते तेव्हा ते पैलू फारसे उपयोगी पडत नाहीत. ज्या लांब लहरी जुनाट म्हणून मागे पडल्या होत्या, त्यांच्याकडे त्यानंतर पुन्हा लक्ष गेले. हा विषय इतका रंजक असताना आमच्यासमोरच्या आठ कात्रणांत 'रडारला चकवा' एवढेच शब्द आहेत.

दुसरी गोष्ट पृथ्वीच्या गोलाईची. रडारची आणि विमानाची उंची मीटरमध्ये घेऊन त्यांची वर्गमुळे मिळवावीत आणि ४.१ ने गुणावे, की किती किलोमीटरपर्यंत एकमेकांना दिसू शकते ते साधारणपणे मिळते. २५ मीटर उंचीवरच्या रडारला १० हजार मीटरवरून येणारे विमान सुमारे ४३० किलोमीटरवर दिसू शकेल. तेच विमान १०० मीटरवरून आले तर सुमारे ६२ किलोमीटर. सह्याद्रीच्या रांगा मध्ये असतील तर त्याहूनही कमी. तेव्हा '३०० किलोमीटर' हा आकडा उंची सांगितल्याशिवाय निरर्थक आहे. रडार विमानात बसवून वर नेण्याचा खटाटोप याचसाठी. वहीतील हवाई टेहळणी विमानांविषयीच्या कात्रणांत त्याची किंमत आहे, घुमटाचा व्यास आहे, पण ते वर का नेले हे कारण नाही.

आता थोडे गोंगाटाविषयी. रात्री घरात झोपलेल्या माणसाला कडी वाजल्यासारखे वाटते. वारा असेल, मांजर असेल, चोरही असेल. प्रत्येक आवाजाला उठायचे ठरवले तर झोप नाही. मोठा आवाज झाल्याशिवाय उठायचे नाही असे ठरवले तर चोराचे फावते. रडारची अवस्था हीच आहे. ग्राहक यंत्रात स्वतःचाच विद्युत गोंगाट असतो, शिवाय डोंगर, पाऊस, पक्षी, समुद्राच्या लाटा यांचे प्रतिध्वनी असतात. त्यातून 'आहे' की 'नाही' हे ठरवण्यासाठी एक उंबरठा ठरवावा लागतो. उंबरठा खाली आणला तर लहान वस्तू सापडतात पण खोटे इशारे वाढतात. वर नेला तर खोटे इशारे कमी होतात पण खरी वस्तू निसटते.

साधा हिशेब करू. एक रडार सभोवतालच्या ३६० अंशांत दर अंशाला पाहते आणि प्रत्येक दिशेत १५० मीटरचा एक असे १,००० कप्पे तपासते. एका फेरीत ३ लाख ६० हजार कप्पे झाले. एका कप्प्यात खोटा इशारा मिळण्याची शक्यता दहा लाखांत एक, म्हणजे अगदी नगण्य धरू. फेरी १० सेकंदांची असेल तर तासाला ३६० फेऱ्या होतात, आणि खोटे इशारे सुमारे १३०. पडद्यासमोर बसलेल्या माणसाची कल्पना करा. म्हणूनच एका इशाऱ्यावर विश्वास न ठेवता लागोपाठच्या फेऱ्यांत ठिपका सुसंगत मार्गाने सरकतो का, त्याचा वेग विमानाला शोभणारा आहे का, हे पाहिले जाते. वेगासाठी डॉप्लर परिणाम कामी येतो. ३ सेंटिमीटर लांबीच्या लहरी वापरणाऱ्या रडारकडे सेकंदाला ३०० मीटर वेगाने येणारे विमान वारंवारतेत २० हजार हर्ट्झचा फरक पाडते, डोंगर काहीच पाडत नाही. या गाळणीमुळेच विमानातील रडारला जमिनीच्या पार्श्वभूमीवर खालून उडणारे विमान वेगळे काढता येऊ लागले. मोठी प्रगती होती ती. पण ती डोळ्यांनी दिसत नाही, तिचे छायाचित्र छापता येत नाही. त्यामुळे लेखांत ती येत नाही, असे आम्हाला वाटते.

देवळालीकडे वळतो. वहीत देवळालीच्या तोफखाना सरावाची चार कात्रणे आहेत. त्यांतील दोघांनी 'स्वाती' रडारविषयी असे लिहिले आहे, की हे रडार शत्रूची तोफ पाहते. तसे नाही. तोफ टेकडीआड असते, ती दिसतच नाही. दिसतो तो हवेतला गोळा. गोळ्याच्या मार्गावरील काही बिंदू टिपून तो मार्ग मागे वाढवत नेला की जमिनीवर जिथे टेकतो तिथे तोफ. म्हणजे तोफेचा शोध डोळ्याने नव्हे, बीजगणिताने लागतो. पाठ्यपुस्तकातील प्रक्षेप्य गतीच्या धड्याला याहून चांगले उदाहरण आम्हाला तरी सापडलेले नाही.

हा प्रयोग वर्गात जरूर करावा. विद्यार्थ्यांना सांगा: एक गोळा जमिनीवरच्या एका सरळ रेषेच्या वरून चालला आहे. त्या रेषेवर दर २ किलोमीटरला त्याची उंची मोजली, ती ३, ३.७५ आणि ४ किलोमीटर भरली. तोफ कुठे? सूत्राची गरज नाही. उंचीतील वाढ ०.७५ आणि ०.२५; वाढीतील फरक उणे ०.५. अन्वस्तात हा फरक कायम राहतो. तेव्हा मागे जाताना वाढ १.२५ आणि त्यामागे १.७५ असणार. ३ मधून १.२५ वजा केले, १.७५ उरले; त्यातून १.७५ वजा केले, शून्य. म्हणजे पहिल्या बिंदूच्या मागे बरोबर ४ किलोमीटरवर तोफ आहे.

आता खरा धडा. मधली उंची मोजताना रडारची फक्त ५० मीटर चूक झाली आणि ३.७५ ऐवजी ३.८० नोंदली गेली असे समजा. पुन्हा तेच गणित करा. यावेळी मार्ग ४ ऐवजी सुमारे ३.६४ किलोमीटरवर जमिनीला टेकतो. ५० मीटरची चूक जमिनीवर साडेतीनशे मीटरची झाली. उलटा मारा त्या जागी होणार आहे, आणि साडेतीनशे मीटरमध्ये एखादी वस्ती सहज असू शकते. प्रत्यक्षात हवेचा विरोध असतो, मार्ग शुद्ध अन्वस्त नसतो. रडार तीनच नव्हे तर पुष्कळ बिंदू घेते आणि चुकीचा अंदाजही बांधते. पण मोजमापातली लहान चूक निष्कर्षात किती फुगते, हे मुलांना आलेखाच्या कागदावरच कळते.

या रडारचा इतिहासही सांगण्यासारखा आहे. १९९९ च्या कारगिल युद्धात डोंगरांआडच्या तोफा शोधणारी आधुनिक रडार आपल्या तोफखान्याकडे नव्हती. युद्धानंतर २००२ मध्ये अमेरिकेकडून अशी रडार घेण्याचा करार झाला. बेंगळुरूच्या एलआरडीई या प्रयोगशाळेने आणि भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेले 'स्वाती' २०१७ मध्ये सैन्याला मिळाले. ते 'आकाश' क्षेपणास्त्राच्या 'राजेंद्र' रडारच्या अनुभवावर उभे आहे. तोफेचे गोळे सुमारे ३० किलोमीटरपर्यंत आणि अग्निबाण ४० किलोमीटरपर्यंत शोधणे ही त्याची जाहीर झालेली क्षमता. २०२० मध्ये आर्मेनियाने ते विकत घेतले. कात्रणांत आर्मेनियाचा सौदा ठळक आहे, कारगिलची उणीव एकातही नाही.

ओझरच्या बाजूला रडारचा दुसरा बदल दिसतो. ओझरला विमानाचा सांगाडा तयार होई, इंजिन कोरापूटला आणि उपकरणे हैदराबादला, अशी मिगच्या काळापासूनची वाटणी. मिग-२१ चे रडार नाकातल्या शंकूत मावेल एवढेसे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी ते विमान हवाई दलातून निवृत्त झाले. २००४ पासून ओझरला तयार होऊन बाहेर पडू लागलेल्या सुखोई-३० एमकेआयमध्ये 'बार्स' हे रडार आहे. त्याचा झोत वळवण्यासाठी केवळ तबकडी फिरवावी लागत नाही, तो विद्युत पद्धतीने वळतो. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरच्या नव्या जुळणी विभागातील पहिल्या तेजस मार्क-१ए ने उड्डाण केले. या विमानाच्या सुरुवातीच्या तुकड्यांसाठी इस्रायली रडार निवडले गेले, आणि पुढे एलआरडीईचे 'उत्तम' बसवण्याची योजना आहे. या पिढीत प्रत्येक लहान घटकाला स्वतःचा प्रेषक आणि ग्राहक असतो.

झोत न हलता वळतो कसा? गोदाकाठी किंवा कोणत्याही संथ पाण्याच्या काठी पाच मुलांना अर्ध्या-अर्ध्या मीटरवर ओळीने उभे करा. सर्वांनी एकदम खडे टाकले तर लाटा मिळून सरळ समोर जातात. डावीकडून सुरू करून एकामागोमाग, सारख्या अंतराने टाकले तर एकत्रित लाट उजवीकडे तिरकी जाते. मुले जागची हलली नाहीत. फक्त वेळ बदलली. रडारमध्ये ३ सेंटिमीटर लहरींसाठी शेजारचे दोन घटक दीड सेंटिमीटरवर असतील आणि झोत ३० अंश वळवायचा असेल, तर लागणारा विलंब एका सेकंदाच्या चाळीस अब्जाव्या भागाएवढा. तो साधला की झोत क्षणात इकडून तिकडे नेता येतो, एकाच वेळी वेगवेगळी कामे वाटून देता येतात. काही घटक निकामी झाले तरी रडार बंद पडत नाही, थोडे मंदावते.

यातले नवे म्हणजे गॅलियम नायट्राइड. जुन्या गॅलियम आर्सेनाइडपेक्षा ते जास्त विद्युतदाब आणि उष्णता सोसते, त्यामुळे तेवढ्याच जागेतून अधिक शक्ती मिळते. सुखोईसाठी विकसित होत असलेले 'विरूपाक्ष' रडार याच पदार्थावर आधारलेले आहे. विचित्र डोळे असलेला शंकर तो विरूपाक्ष. नाव ठेवणाऱ्याला दाद दिली पाहिजे. गॅलियम मुख्यतः बॉक्साइटपासून ॲल्युमिना काढताना उपउत्पादन म्हणून मिळते आणि जगातील बहुतेक गॅलियम चीनमध्ये शुद्ध होते. ऑगस्ट २०२३ पासून चीनने त्याच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले. रडारचा पल्ला खाणीशी आणि व्यापाराशी असा बांधलेला असतो. वहीतील एका कात्रणाने, ते एकच, हे नेमके लिहिले आहे. लेखकाचे कौतुक.

वहीत तेविसाव्या पानावर रडारशी वरवर संबंध नसलेले एक कात्रण आहे. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी काश्मीरमध्ये बडगामजवळ हवाई दलाचे एमआय-१७ हेलिकॉप्टर कोसळले. त्यातील सहाही जण आणि जमिनीवरील एक नागरिक मरण पावले. सहांपैकी एक स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे नाशिकचे. गोदावरीच्या काठी त्यांना अखेरचा निरोप देण्यात आला तेव्हा शहर लोटले होते. ही मुले तेव्हा प्राथमिक शाळेत होती. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी हवाई दलप्रमुख राकेशकुमार सिंग भदौरिया यांनी जाहीर केले, की हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पडले आणि ती मोठी चूक होती.

कात्रणाखाली एका मुलीने पेन्सिलने लिहिले आहे: हेलिकॉप्टर रडारवर दिसत होते, मग असे कसे झाले?

साठ कात्रणांना जो प्रश्न पडला नाही तो या मुलीला पडला. उत्तर असे, की दिसत होते म्हणूनच झाले. ठिपका दिसणे आणि तो कोणाचा हे कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यासाठी मित्र की शत्रू हे ओळखणारी स्वतंत्र यंत्रणा असते. जमिनीवरून सांकेतिक प्रश्न जातो आणि विमानातील उपकरण सांकेतिक उत्तर देते. उत्तर आले नाही तर शत्रू, असे मात्र म्हणता येत नाही. उपकरण बंद असेल, बिघडले असेल, प्रश्न पोचला नसेल. त्या सकाळी सीमेवर हवाई चकमक चालू होती आणि निर्णयाला सेकंदच होते. ओळख यंत्रणेचे, परस्पर संपर्काचे नियम पाळले गेले की नाही, हाच चौकशीचा मुख्य प्रश्न ठरला.

जगात हे नवे नाही. ७ डिसेंबर १९४१ रोजी सकाळी हवाई बेटावरील ओपाना येथे दोन सैनिकांना रडारवर सुमारे २१० किलोमीटरवरून येणारा विमानांचा मोठा ताफा दिसला. त्यांनी कळवले. त्या सकाळी अमेरिकेची काही बॉम्बफेकी विमाने येणारच होती, तीच असतील असे समजून अधिकाऱ्याने काळजी करू नका म्हणून सांगितले. तो जपानी ताफा पर्ल हार्बरवर पोचला. ३ जुलै १९८८ रोजी उलटे घडले. इराणच्या आखातात 'व्हिन्सेन्स' या अमेरिकी युद्धनौकेवर त्या काळचे अत्याधुनिक, विद्युत झोताचे रडार होते. यंत्राच्या नोंदीत समोरचे विमान वर चढत होते. कक्षातील माणसांची खात्री मात्र अशी झाली होती, की ते खाली झेपावत येणारे लढाऊ विमान आहे. क्षेपणास्त्र सोडले गेले. ते इराण एअरचे प्रवासी विमान होते. २९० माणसे गेली. एकदा शत्रूला मित्र समजले, दोनदा मित्र किंवा त्रयस्थ शत्रू ठरला. तिन्ही वेळा रडार आपले काम बरोबर करत होते. पल्ला वाढवून यातली एकही चूक टळली नसती.

भविष्याविषयीची कात्रणे या कसोटीवर तपासली तर चित्र बदलते. मे २०२५ च्या भारत-पाकिस्तान संघर्षानंतर ड्रोनविषयीच्या लेखांचा पूर आला. लहान ड्रोनचे परावर्तन क्षेत्र मोठ्या पक्ष्याएवढेच असते, वेगही जवळपास तेवढा. उंबरठा इतका खाली आणावा लागतो की बगळे, घारी आणि कावळे सगळे पडद्यावर येतात. भेद करायचा तर सूक्ष्म डॉप्लरवरून. ड्रोनच्या पंख्यांची पाती फिरताना वारंवारतेत जो ठसा उमटतो तो पंख फडफडवणाऱ्या पक्ष्यापेक्षा वेगळा असतो. हे ठसे ओळखायला आता संगणकाला हजारो नमुने दाखवून शिकवतात. कात्रणांत याला 'बुद्धिमान रडार' म्हटले आहे. पण अशा यंत्राचे उत्तर शक्यतेच्या भाषेत असते, आणि जे नमुने त्याने पाहिलेच नाहीत त्यांच्याविषयी ते खात्रीने चुकू शकते. उत्तरावर भरवसा कधी ठेवायचा, हा उंबरठा अखेर माणसानेच ठरवायचा आहे. तो ठरवण्याची वेळ मात्र यंत्राच्या वेगामुळे आणखी आखडत चालली आहे. या मुद्द्यावर एकही कात्रण नाही.

स्वतः लहरी न सोडता आकाशवाणी-दूरदर्शनच्या लहरींचे परावर्तन टिपणारे 'मूक रडार' हे 'उद्याचे तंत्र' म्हणून दोन ठिकाणी आले आहे. फायदा खरा आहे. जे काही सोडत नाही त्याचा ठावठिकाणा शत्रूला लागत नाही. पण उद्याचे? २६ फेब्रुवारी १९३५ रोजी वॉटसन-वॅट आणि विल्किन्स यांनी इंग्लंडमध्ये डॅव्हेंट्री येथे विमान लहरींनी शोधता येते हे दाखवले, ते बीबीसीच्या प्रक्षेपकाच्या लहरी वापरूनच. कल्पना नव्वद वर्षांची आहे. नवी आहे ती गोंगाटातून क्षीण प्रतिध्वनी वेगळा काढणारी संगणकाची ताकद. पुंज रडारविषयीची पाच कात्रणे मात्र आम्ही लाल शाईने खुणावली. २०१६ मध्ये चीनमधील एका कंपनीने १०० किलोमीटरवरचे विमान पुंज रडारने शोधल्याचा दावा केला, तो सर्वांनी जसाच्या तसा उचलला. प्रयोगशाळेतील प्रयोग आणि हा दावा यांत फार मोठी दरी आहे. अमेरिकेच्या संरक्षण विज्ञान मंडळाने २०१९ मध्ये, संरक्षण खात्याला त्यातून वाढीव क्षमता मिळणार नाही असा निष्कर्ष काढला. तो मराठीत कुठे छापून आल्याचे वहीत तरी दिसत नाही.

वही आम्ही शाळेला परत पाठवली आहे. तिच्यासोबत आलेखाचे चार कागद दिले, आणि प्रत्येक कात्रणाशेजारी तीन गोष्टी लिहायला सांगितल्या: किती उंचीवरचे दिसते, खोट्या इशाऱ्यांविषयी काही लिहिले आहे का, आणि ठिपका कोणाचा हे कोण ठरवते. तेविसावे पान त्यांनी वहीच्या सुरुवातीला घ्यावे असे सुचवले आहे. ते पान लिहिणारी मुलगी गणितात कच्ची आहे असे तिचे शिक्षक म्हणाले. अन्वस्ताचे गणित तिने आमच्यासमोर सोडवले, पहिल्यांदा चुकली, दुसऱ्यांदा ४ किलोमीटर आले. मग ५० मीटरची चूक घालून पुन्हा करायला तिने आपणहून कागद मागून घेतला.